रॉबर्ट स्टीफन्सन: तुटलेल्या गर्डरने शिकवलेला इंजिनिअर

'रॉकेट' इंजिनवाला रॉबर्ट स्टीफन्सन (१८०३-१८५९) मला आवडतो तो त्याच्या एका चुकीमुळे. इंग्लंडमध्ये चेस्टरला डी नदीवरच्या पुलासाठी त्याने बिडाचे तीन-तीन तुकडे बोल्टने जोडून लांब गर्डर केले. १८४७ मध्ये गाडी जाताना एक गर्डर तुटला, पाच माणसं गेली. का? वजनाने गर्डर वाकला की वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. बीड दाब सोसतं, पण ताण आला की तडकतं. वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाला त्याने घडीव लोखंडाचे पत्रे रिव्हेटने जोडून चौकोनी पोकळ नळ्या केल्या. गाडी त्यांच्या आतूनच जायची! आधी मॉडेलवर चाचण्याही झाल्या. १८५० चा तो पूल १९७० च्या आगीपर्यंत टिकला. मी एवढंच शिकलो: जोडण्याआधी ताण कुठे येणार ते बघा.