कुंडलच्या माळावर कारखान्याचं गाव वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

विहिरीवर हँडल मारून डिझेल इंजिन चालू केलेल्या माणसाला उलटं इंजिन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लिव्हर उचलून हँडल फिरवायचं, चाकानं वेग घेतला की लिव्हर सोडायची, एवढंच काम. पण चाकात जोर कमी असला तर पिस्टन वर पोचायच्या आधीच डिझेल पेट घेतं आणि पिस्टनला मागं ढकलतं. बहुतेक वेळा हँडलचा झटका बसतो, मनगट मोडतं. म्हणून जुनी माणसं हँडलला अंगठा वळवून धरू देत नाहीत, तो बोटांच्याच बाजूला ठेवायला लावतात.

क्वचित एखाद्या वेळी मात्र इंजिन तसंच उलट्या दिशेनं चालू राहतं. मग सायलेन्सर हवा ओढतो आणि एअर फिल्टरमधून धूर येतो. ऑइलचा पंपही उलटा फिरतो, त्यामुळं बेअरिंगला ऑइल मिळत नाही. लगेच बंद केलं नाही तर इंजिन जाम व्हायची भीती. पट्ट्यावरचा पाण्याचा पंप फिरत असतो, पण पाणी नावाला येतं. थ्री फेज मोटारीचंही असंच. लाइन जोडताना दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते आणि शेतकरी पाण्याची वाट बघत बसतो. पंपाच्या अंगावर फिरायच्या दिशेचा बाण असतो तो यासाठीच.

सातारा-सांगलीच्या मळ्यांत यंत्रं पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्त जाणणारे. मुलाला मात्र चित्रकलेची आणि यंत्रांची ओढ. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं. रंगकाम सुटलं, पण यंत्रांची रेखाचित्रं काढायचं शिक्षण त्यांनी सोडलं नाही. त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पुढं हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली आणि त्यांनी नोकरीला रामराम ठोकला.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतं. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ पासून धरतात ती या दुकानापासून. सायकल तेव्हा लोकांना नवलाची. लक्ष्मणराव ती नुसती विकत नव्हते, चालवायलाही शिकवत होते.

मग त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, पाठोपाठ लोखंडी नांगर. नांगराला गिऱ्हाईकच मिळेना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. इतके दिवस माल पडून राहिला तर कुणीही धंदा बदलला असता. लक्ष्मणराव नांगरच करत राहिले. ज्यानं आयुष्यात यंत्र पाहिलेलं नाही, त्याच्या हाती ते द्यायचं तर आधी त्याचा विश्वास कमवावा लागतो. एकदा यंत्र उलटं वागलं की शेतकरी त्याला परत हात लावत नाही, ही गोष्ट आजच्या इंजिनालाही लागू आहे.

धंद्याला बरे दिवस येत होते तोच नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. जमवलेला संसार मोडायची पाळी आली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंग माजलेला सापांचा माळ. पंचवीस कामगार कुटुंबांसह तिथं राहायला आले आणि १० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडी सुरू झाली.

या वाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशिव पाळू दिली नाही. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीवर ठेवलं. गावाची व्यवस्था रामूअण्णांनी सांभाळली, यंत्रांचं काम शंभूराव जांभेकरांनी आणि शाळा अर्धी सोडलेल्या अनंतराव फळणीकरांनी, हिशेब मंगेशराव रेग्यांनी, पडेल ते काम के. के. कुलकर्णींनी. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड यायचं थांबलं, तेव्हाही कारखाना तगला. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, पंप आले, इंजिनं आली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून १९२६ साली इंजिनिअर होऊन परत आला आणि कामाला लागला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला.

सगळ्यात मोठा घाव १९४८ साली बसला. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी आयुष्य घातलं, त्याच भागात ही राखरांगोळी बघायची वेळ त्यांच्यावर आली. तरी कारखाना त्याच जागी परत उभा राहिला आणि भोंगा परत वाजू लागला.

त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झालं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं जमीन देणाऱ्या राजाचं औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, तर वाडी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९८९ साली त्यांच्या जन्मदिनी, २० जूनला, टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनला आता किर्लोस्करवाडी हेच नाव आहे. पलूस, तासगाव, कडेगाव, वाळवा भागातल्या कितीतरी घरांत एखादा आजोबा तरी वाडीच्या कारखान्यात कामाला होता, आणि मोटार उलटी फिरतेय का हे नुसत्या आवाजावरून ओळखणारी माणसं त्या घरांत अजून सापडतात.