अपील न करणारे बॅरिस्टर

गणेशोत्सवात आम्ही लोकमान्यांचे स्मरण करतोच. यंदा त्यांच्या जोडीने महात्मा गांधींच्या एका खटल्याचेही करू.

१८६९ साली पोरबंदरला जन्मलेले गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी अनेक वर्षे वकिली केली. अपील म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत, ‘यंग इंडिया’तील तीन लेखांबद्दल, त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी आरोप कबूल केले. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी लोकमान्यांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षांची साधी कैद सुनावली. लोकमान्यांच्या पंक्तीत बसणे गांधींनी भाग्यच मानले. कबुलीनंतरही शिक्षा कमी व्हावी म्हणून अपील करता येत असे. त्यांनी ते केले नाही. ज्या सरकारशी असहकार, त्याच्याच कोर्टात दाद कशी मागायची?

लोकमान्य मात्र प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढले होते. तिथेही दाद न मिळाल्याने मंडालेची वर्षे त्यांनी भोगलीच. गांधी येरवड्यात राहिले. ससूनमधील अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटले. १९४८ साली त्यांची हत्या झाली.

मार्ग कोणाचा खरा, यावर आमच्या घरांत अजून वाद रंगतात. शिक्षेला दोघेही डगमगले नाहीत, यावर मात्र आमचे एकमत आहे.