नात्यांचा शोध घेणाऱ्या इरावतीबाई

ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, इरावती नावाची एक मोठी नदी वाहते. त्या देशातील मिंजान या गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी गणेश हरी करमरकर यांना कन्यारत्न झाले. त्या नदीवरूनच तिचे नाव इरावती असे ठेवण्यात आले.

वयाच्या सातव्या वर्षी इरावती शिक्षणासाठी पुण्यास आली. हुजूरपागेच्या शाळेत शकुंतला परांजपे ही तिची मैत्रीण झाली. शकुंतलेचे वडील रँग्लर परांजपे व त्यांची पत्नी यांनी इरावतीला आपल्या घरी ठेवून घेतले आणि पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. आईवडील दूर असताना या मुलीला पुण्यात दुसरे कुटुंब लाभले.

पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ साली इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघाल्या. महर्षींना हे पसंत नव्हते. परंतु पतीचा भक्कम पाठिंबा होता. बर्लिन येथे त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. युरोपीय वंश इतरांहून श्रेष्ठ आहे, असे त्यांचे मार्गदर्शक मानत. इरावतीबाईंनी अनेक कवट्यांची काळजीपूर्वक मोजमापे घेतली. त्यांत या मताला आधार सापडला नाही, तेव्हा त्यांनी तसे निर्भयपणे लिहिले. गुरूच्या मतापेक्षा त्यांनी सत्याला अधिक मान दिला.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करू लागल्या. परंतु केवळ ग्रंथ वाचून त्यांचे समाधान होत नसे. त्या खेडोपाडी हिंडत, घरांतील माणसांशी बोलत व नात्यांची नावे टिपून घेत. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे अन्न खाणारी, मालमत्ता व देवपूजा सामाईक असणारी आप्तमंडळी म्हणजे एकत्र कुटुंब, अशी त्यांनी त्याची लक्षणे सांगितली. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला.

या अभ्यासातून देशातील कुटुंबांचे निरनिराळे रूप प्रकट झाले. उत्तरेकडील बऱ्याच भागांत मुलगी परगावी, अनोळखी घरात दिली जाई. दक्षिणेत अनेक जातींमध्ये ती मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाई. तेथील माणसे तिला लहानपणापासून परिचित असत. महाराष्ट्रातही अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करण्याची रीत होती. अशा वेळी त्या मुलीची सासू ही तिची आत्याच असे. मराठी सुना सासूला आत्याबाई म्हणत, या संबोधनाचा अर्थ यावरून उमगतो. घरात रोज उच्चारला जाणारा एक साधा शब्द समाजाची जुनी रीत सांभाळून ठेवतो!

कुटुंबांवर आलेल्या संकटांकडेही त्यांचे लक्ष होते. कोयना धरणामुळे ज्यांना घरदार सोडावे लागले, त्या लोकांच्या स्थितीची त्यांनी पाहणी केली. महाभारतातील माणसांचा नव्या दृष्टीने विचार करणाऱ्या त्यांच्या ‘युगान्त’ या मराठी ग्रंथास १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले. आपल्या घरची रीत हीच जगाची रीत, असे आपणांस सहज वाटते. दुसऱ्याच्या घरची रीत निराळी असली तरी तिला हसू नये, तिच्यामागील कारण शोधावे, हीच इरावतीबाईंच्या आयुष्याची शिकवण होय.