रुपयाचा प्रबंध आणि परदेशातील विद्यार्थी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या अनेकांना तोंडपाठ असतात. त्या मिळवताना पडलेले खंड मात्र सहसा कोणी मोजत नाही.

इंदूरजवळच्या महूत १८९१ साली जन्मलेले भीमराव १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे चाकरी. तेथे त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, पुढच्या वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले.

१९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची मुभा तेवढी हाती होती. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावण्यात आले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही सहकाऱ्यांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावणे काहींना खपत नव्हते. पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराज आणि स्नेही नवल भथेना यांच्या मदतीने ते १९२० मध्ये लंडनला परतले.

१९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. पुढच्या वर्षी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. रुपयाचा विनिमय दर सांभाळण्याच्या सरकारी खटाटोपात त्याची देशातील क्रयशक्ती दुर्लक्षित राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. केन्सने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलावण केली होती, तिच्याच मुळावर हा घाव होता. ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. प्रबंध फेरमांडणीसाठी परत आला. तोवर पैसे संपत आले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईस येऊन त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला, निष्कर्ष मात्र तसेच ठेवले. त्याच वर्षी डी. एस्सी. मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांना काही मुद्दे पटले नव्हते, तरी ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

कोलंबियाची पीएच. डी. त्याहून रखडली. प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याविना पदवी मिळत नसे, आणि छपाईला पैसा लागतो. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये निघाला; पदवी १९२७ च्या जूनमध्ये मिळाली. त्याआधी तीनच महिने त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते.