विश्लेषण : ‘संगीत शारदा’ लिहिणारे गो. ब. देवल नाट्यसृष्टीला ‘मास्तर’ म्हणून का आठवतात?

दरवर्षी १४ जून आला की मराठी नाट्यसृष्टीत एक नाव हमखास घेतले जाते, ते म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. ‘संगीत शारदा’ आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकांमुळे आजच्या वाचकाला त्यांची ओळख असते ती नाटककार म्हणून. पण त्यांच्या काळातल्या नाटक मंडळ्यांमध्ये ते आधी नट आणि त्याहून अधिक तालीममास्तर म्हणून ओळखले जात. गणपतराव जोशी, गणपतराव बोडस आणि बालगंधर्व हे तीन अगदी वेगळ्या जातीचे नट, पण तिघांच्याही घडणीत देवलांच्या तालमीचा वाटा आहे. शाळेत शिकवणारा हा माणूस नाटकात का आला, त्याने नटांना काय शिकवले आणि एका नाटकाने समाजाला कोणता प्रश्न विचारला, हे समजून घेऊ.

देवल कोण होते?

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळच्या हरिपूर या गावी झाला. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावरचे हे गाव. शेजारच्या सांगलीतच विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर करून मराठी रंगभूमीचा पाया घातला होता. म्हणजे देवल जन्मले तेव्हा मराठी नाटक जेमतेम बारा वर्षांचे होते.

शिक्षणासाठी ते बेळगावला गेले. १८७९ मध्ये मॅट्रिक झाले आणि बेळगावातच शिक्षकाची नोकरी धरली. त्या काळी मॅट्रिक होणे ही मोठी गोष्ट होती. सरकारी कचेरी किंवा शाळा, दोन्हीकडे अशा माणसाला मान होता. नाटकवाल्यांना मात्र तो नव्हता. गावोगाव फिरणारी माणसे, बिऱ्हाडावरचे बिनभरवशाचे जगणे, रात्रीचे जागरण अशीच नाटकाच्या धंद्याची प्रतिमा होती. मुलगा नाटकात गेला म्हणजे वाया गेला, असे घरोघरी मानले जाई. अशा वेळी शिकलेल्या मास्तराने नाटकाकडे वळणे हा धाडसाचाच निर्णय होता.

किर्लोस्करांशी संबंध कसा आला?

बेळगावात देवलांना बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला. अण्णासाहेबांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. याआधीच्या नाटकांत बहुतेक पदे सूत्रधार म्हणे. अण्णासाहेबांच्या नाटकात पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली. त्यामुळे नटाचे काम एकदम अवघड झाले. त्याला गळा हवा, अभिनय हवा आणि गाताना भूमिका सुटता कामा नये, ही समजही हवी.

पुण्यातल्या शिकलेल्या तरुणांच्या आर्योद्धारक नाटक मंडळीतही देवलांनी काम केले. ही मंडळी इंग्रजी आणि संस्कृत नाटकांची मराठी रूपे करत असे. तिथे भर संवादांवर होता, तर किर्लोस्करांकडे गाण्यावर. देवल या दोन्ही वाटांवर वावरले. पुढे ते गद्य नटालाही शिकवू शकले आणि गायक नटालाही, याचे कारण इथे सापडते.

१८८५ मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे बेचाळीस वर्षांचे होते. मंडळीचा कर्ता पुरुष गेला. त्यानंतरच्या काळात किर्लोस्कर मंडळीला नवी नाटके देणारा आणि ती नटांकडून बसवून घेणारा माणूस म्हणून देवलांचे महत्त्व वाढत गेले.

तालीममास्तर नेमके काय करत असे?

आज आपण ज्याला दिग्दर्शक म्हणतो, तो शब्द तेव्हा नाटकात रुळलेला नव्हता. नाटक बसवण्याचे काम तालीममास्तर करी. कंपनीत येणारी पुष्कळ मुले लहान वयाची आणि बेताच्या शिक्षणाची असत. त्यांना आपापल्या भूमिकेची नक्कल, म्हणजे फक्त स्वतःच्या वाक्यांची लिहिलेली प्रत, पाठ करावी लागे. पाठांतर झाले की मुले ती पोपटासारखी म्हणत. वाक्याचा अर्थ काय, समोरच्या पात्राने आधी काय म्हटले आहे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, कुठे थांबायचे, हे समजावून देणारा कोणी लागे.

देवल हे काम करत. शाळेत धडा शिकवताना मास्तर आधी अर्थ सांगतो, मग वाचून दाखवतो आणि मग मुलांकडून वाचून घेतो. देवलांची नाटकाची तालीमही याच अंगाने जाणारी होती. स्वतः नट असल्याने ते भूमिका करूनही दाखवू शकत. त्या काळी रंगमंचावर मोठ्या आवाजात, हातवारे करत वाक्ये फेकण्याची रीत होती. देवलांचा आग्रह साधेपणाचा होता. माणूस घरात जसा बोलतो, त्याच्या जवळपास नटाचे बोलणे यावे, असा तो आग्रह होता. त्यांच्या नाटकांतील संवाद वाचले तरी हे लक्षात येते. वाक्ये छोटी आहेत, शब्द बोलीतले आहेत, आणि पदसुद्धा संवादाच्या ओघात येते.

त्यांचे शिष्य कोण?

शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी हे गद्य रंगभूमीवरचे दिग्गज नट. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून देवलांनी १८९० मध्ये ‘झुंजारराव’ हे नाटक लिहिले आणि गणपतरावांची झुंजाररावाची भूमिका गाजली. व्हेनिसचा सेनापती मराठी मातीतला सरदार झाला, पण संशयाने पोखरला जाणारा नवरा तोच राहिला. गणपतरावांचा आवेश दांडगा होता. त्याला वळण लावून भूमिकेत बसवण्याचे काम देवलांनी केले.

गणपतराव बोडस हे वेगळ्या प्रकृतीचे. ते विनोदी आणि चरित्र भूमिकांत रमणारे, बोलण्याच्या लकबी नेमक्या पकडणारे नट होते. त्यांनी देवलांना गुरू मानले. ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव ही त्यांची विशेष गाजलेली भूमिका.

तिसरे नाव बालगंधर्वांचे. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. गळा दैवी होता, रूपही होते, पण नाटकाचा अनुभव नव्हता. त्यांची गाण्याची तालीम भास्करबुवा बखल्यांकडे झाली. शकुंतलेची भूमिका मात्र त्यांच्याकडून देवलांनी बसवून घेतली. नटाने केवळ गाऊन भागत नाही, हा धडा त्यांना सुरुवातीलाच मिळाला.

देवलांनी किती नाटके लिहिली?

एकूण सात, आणि त्यांपैकी सहा रूपांतरे आहेत. १८८६ मधले ‘दुर्गा’ हे थॉमस सदर्नच्या इंग्रजी शोकांतिकेवरून आले. ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे, ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे. ‘शापसंभ्रम’ची कथा बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तली. ‘झुंजारराव’ शेक्सपिअरवरून घेतलेले. ‘फाल्गुनराव’ हे मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या प्रहसनाचे, इंग्रजीमार्गे आलेले रूप. त्यालाच पुढे पदांची जोड मिळून ‘संशयकल्लोळ’ झाले. सातवे आणि एकमेव स्वतंत्र नाटक म्हणजे ‘शारदा’.

रूपांतर म्हणजे उसनवारी, असा आज समज असतो. देवलांच्या बाबतीत तो टिकत नाही. ‘संशयकल्लोळ’ पाहणाऱ्याला त्यात फ्रान्सचा मागमूसही लागत नाही. बायकोच्या हाती परक्या पुरुषाची तसबीर दिसली म्हणून जळणारा फाल्गुनराव आणि नवरा एका परक्या तरुणीला सावरताना दिसला म्हणून खवळणारी कृत्तिका, ही दोघे शेजारच्या वाड्यातलीच वाटतात. भाषा नटाच्या तोंडात कशी बसेल, हे रोज तालमीत पाहणाऱ्या माणसाने ती लिहिली होती.

‘शारदा’मध्ये असे काय होते?

‘संगीत शारदा’ किर्लोस्कर मंडळीने जानेवारी १८९९ मध्ये इंदुरात प्रथम सादर केले. तोवर संगीत नाटकांत राजे, देव आणि ऋषिकन्या असत. देवलांनी रंगमंचावर सामान्य ब्राह्मण घर आणले. कांचनभट हा लोभी बाप पंचाहत्तर वर्षांच्या भुजंगनाथाकडून पैसे घेऊन आपली मुलगी शारदा त्याला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ हा व्यवहार जुळवतो. आईला हे मान्य नाही, पण तिचे घरात चालत नाही. कोदंड हा तरुण या लग्नाविरुद्ध उभा राहतो. ऐन लग्नात वर आणि वधू एकाच गोत्राचे असल्याचे तो उघड करतो आणि लग्न मोडते. पण अर्ध्यावर मोडलेल्या लग्नाची मुलगी आता कोणाची, हा प्रश्न उरतोच. शारदा जीव द्यायला नदीकडे जाते. कोदंड तिला वाचवतो. सप्तपदी झालेली नसल्याने लग्न झालेच नाही, असा निर्वाळा शंकराचार्य देतात आणि शारदा व कोदंड यांच्या विवाहाची वाट मोकळी होते.

हा विषय तेव्हा धगधगता होता. १८८० च्या दशकात रखमाबाईंचा खटला गाजला होता. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये दहावरून बारा वर्षांवर आला, तेव्हा महाराष्ट्रात दोन तट पडले होते. सभांमधून आणि वृत्तपत्रांतून भांडणे झाली. या वादात देवलांनी भाषण केले नाही. कन्याविक्रय म्हणजे काय, हे त्यांनी एका घरात घडताना दाखवले. सुटकाही त्यांनी शास्त्राच्याच आधारे केली. त्यामुळे जुन्या वळणाच्या प्रेक्षकालाही नाटक नाकारणे अवघड गेले.

पदांच्या चाली त्यांनी लोकांच्या ओळखीच्या ठेवल्या. साकी, दिंडी आणि बायकांच्या गाण्यांतली वळणे त्यात होती. नाटकगृहातून बाहेर पडणारा माणूस ती गुणगुणत घरी जाई, आणि नाटक न पाहिलेल्या घरातल्या बायकांपर्यंतही ती पोहोचत.

एक गोष्ट मात्र आज विसरली जाते. मुलीच्या मनातली भीती मांडणारे हे नाटक, पण रंगमंचावर मुलगी नव्हती. या मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. शारदाही कंपनीतला मुलगाच होई, पुढे ती बालगंधर्वांनीही केली. विकल्या जाणाऱ्या मुलीला काय वाटत असेल, हे आधी त्या मुलाला समजावे लागे, तरच ते प्रेक्षकापर्यंत जाणार होते. ‘शारदा’चे यश जितके लेखकाचे, तितकेच तालीममास्तराचे आहे ते यामुळे.

‘शारदा कायदा’ या नाटकावरून आला का?

नाही. हा गैरसमज अजूनही आढळतो. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात, ते विधेयक मांडणारे अजमेरचे हरविलास सारडा यांच्यावरून. १ एप्रिल १९३० पासून लागू झालेल्या या कायद्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. एकवीस वर्षांवरील पुरुषाने बालिकेशी लग्न केल्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. उच्चारातल्या साम्यामुळे मराठी माणसाने ‘सारडा’चे ‘शारदा’ केले. देवल तेव्हा हयात नव्हते. पण नाटकातल्या मुलीचे नाव कायद्याला सहज चिकटावे, यावरून तीस वर्षांनंतरही ती लोकांच्या किती लक्षात होती हे कळते.

अखेरच्या काळात देवल काय करत होते?

१९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. देवलांनी आपल्या जुन्या ‘फाल्गुनराव’ला पदे लिहून ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केले ते या आपल्या शिष्यांच्या मंडळीसाठी. १४ जून १९१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी हे नाटक संगीत रूपात रंगभूमीवर आले. बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती झाले.

आज त्यांचे काय उरले आहे?

‘संशयकल्लोळ’चे प्रयोग आजही होतात. हौशी मंडळींपासून व्यावसायिक संस्थांपर्यंत अनेकांना ते करावेसे वाटते, कारण त्यातला संशय जुना झालेला नाही. ‘शारदा’ कमी वेळा होते. २००६ च्या कायद्याने लग्नासाठी मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ असणे बंधनकारक आहे, तरी बालविवाह रोखल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून अजून येतात. गरिबी, कर्ज, मध्यस्थ आणि घरात ऐकून न घेतली जाणारी आई या गोष्टी त्या बातम्यांतही असतात.

देवलांची नाटके छापील रूपात हाती आहेत. त्यांच्या तालमीची मात्र ना ध्वनिमुद्रिका आहे, ना चित्रफीत. ती शिष्यांच्या कामातून पुढच्या पिढीकडे गेली. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद देवलांच्या स्मृतिदिनी रंगकर्मींना पुरस्कार देते. त्यात लेखकांबरोबर नटही असतात आणि पडद्यामागची माणसेही. हयातभर ही सगळी कामे केलेल्या माणसाचा दिवस त्यासाठी निवडला जावा, हे योग्यच आहे.