फुलर ऑलब्राइट

फुलर ऑलब्राइट (जन्म : १२ जानेवारी १९००, बफेलो, न्यू यॉर्क, मृत्यू : ८ डिसेंबर १९६९, बॉस्टन) हे अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ व अंतःस्रावशास्त्रज्ञ होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना होणारी अस्थिसुषिरता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अभाव यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला.

जीवन

हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातून १९२४ साली ते पदवीधर झाले. व्हिएन्ना येथे विकृतिशास्त्रज्ञ याकोब एर्डहाइम यांच्याकडे एक वर्ष अध्ययन करून ते बॉस्टनला परतले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हीच पुढे त्यांची कर्मभूमी ठरली.

संशोधन

परावटू ग्रंथींच्या विकारांवरील संशोधनातून ते अस्थिरोगांकडे वळले. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी व सहकाऱ्यांनी ४२ रुग्णांचा आढावा घेतला. त्यांपैकी ४० रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया होत्या. हाडांतील कॅल्शियम मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. साध्या क्ष-किरण चित्रात झीज दिसेपर्यंत सुमारे ३० टक्के अस्थिद्रव्य नष्ट झालेले असे. त्यामुळे रुग्णाच्या आहारातील आणि मलमूत्रातील कॅल्शियमचा काटेकोर हिशेब ठेवून ऑलब्राइट यांनी हाडांचा जमाखर्च मांडला. इस्ट्रोजेन दिल्यावर कॅल्शियमचा ऱ्हास थांबतो, हे या पद्धतीने दिसून आले. नव्या हाडाची निर्मिती मंदावते, असे त्यांचे मत होते. हाड झिजण्याचा वेग वाढणे हे अधिक महत्त्वाचे कारण असल्याचे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

आजारपण व मृत्यू

पस्तिशीच्या आसपास त्यांना पार्किन्सन रोगाने ग्रासले. हातांचा कंप व अस्पष्ट वाचा यांवर मात करीत त्यांनी संशोधन चालू ठेवले. १९५६ साली त्यांनी मेंदूवरील प्रायोगिक शस्त्रक्रिया स्वीकारली. तिच्यातील रक्तस्रावामुळे त्यांची शुद्ध हरपली. उर्वरित १३ वर्षे ते त्याच अवस्थेत होते.

वारसा

१९६३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॉन कॅमेरॉन व जेम्स सोरेनसन यांनी किरणोत्सारी स्रोताच्या साहाय्याने अस्थिद्रव्य मोजण्याची पद्धत मांडली. त्यातूनच पुढे दोन ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारी डेक्सा तपासणी विकसित झाली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने निदानाचा निकष ठरविला : तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा अस्थिघनता २.५ प्रमाण विचलने किंवा त्याहून अधिक कमी असणे. अस्थिभंगापूर्वीच निदान होणे त्यामुळे शक्य झाले. ऑलब्राइट यांच्या बहुतेक रुग्णांचे निदान मात्र मणके खचल्यानंतरच होत असे.