जेत्याची उदारता

१२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर धर्मयोद्धे सरदार ग्रीसमध्ये राज्ये करू लागले. तीन शतकांनी त्याच वृत्तीचा पोर्तुगीज सरदार अफोन्सो द अल्बुकर्क गोव्यात उतरला. १५१० च्या आरंभी होनावरच्या तिमोजाच्या साहाय्याने मिळालेले शहर आदिलशाहीने मे महिन्यात परत घेतले. २५ नोव्हेंबरला त्याने ते पुन्हा जिंकले आणि मुसलमान रहिवाशांची कत्तल केली. याच पुरुषाने टांकसाळ काढली, सतीची चाल बंद केली, शिपाई येथेच रुजावेत म्हणून त्यांचे विवाह स्थानिक स्त्रियांशी लावले. १५१५ मध्ये तो निवर्तला. सत्ता मात्र १९६१ पर्यंत टिकली. सुधारणेचे श्रेय त्यास अवश्य द्यावे. परंतु त्याने कत्तलीचा हिशेब फिटत नाही, हे इतिहास शिकविणाऱ्यांनी विसरू नये.